बिदरच्या फलाटावरची पिशवी

काचीगुडा, हैदराबाद
३ जून २०२५

आक्का,

शरणार्थ. मी आणि रविची कावेरी सुखरूप पोचलोत. गुरुलिंगप्पा मामांच्या घरी उतरलो हाय, स्टेशनच्या मागच्याच गल्लीत. तुला फोनवर नुसती खरखर ऐकू येते, म्हणून निघताना तू पत्राचं वचन घेतलंस. तर हे घे पत्र, आणि लांबलं तर शिव्या देऊ नको.

आक्का, जन्मभर एसटीनं फिरलो गं मी. सुरतेला कापड आणायला गेलतो दोनदा तेवढीच काय ती रेल्वे, आणि तीही झोपेत. या खेपेला कावेरीनं मला झोपू दिलं न्हाई. "आप्पा, पाटी बघा. आप्पा, खांब बघा." तुला म्हाईत हाय का, प्रत्येक स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर खाली ते गाव समुद्रापेक्षा किती उंच हाय ते लिहिलेलं असतं? उदगीरपर्यंत मराठी. भालकी आली की कानडी सुरू. जहीराबादला तेलुगू. माणसं तीच, धोतरं तीच, पाटीची अक्षरं मात्र गोल गोल होत जातात. एका लहान स्टेशनात छपराचे खांब जुन्या रुळांचेच उभे केलेत. त्यांच्या अंगावर उठावाची इंग्रजी अक्षरं, कारखान्याचं नाव आणि साल. कावेरी खाली उतरून हात फिरवून आली. गाडी हलली तसा माझा जीव गेलता.

मधी बिदरला उतरलोत, किल्ला बघायला. तिथं एक जुना मदरसा हाय, अर्धा पडलेला. उरलेल्या मिनारावर निळ्या-हिरव्या फरशांची नागमोडी नक्षी. तीस वर्षं साड्यांचे काठ विकतोय मी, असला निळा बघितला न्हाई. आणि हे काचीगुड्याचं स्टेशन! वर पांढरे घुमट, बाजूला मिनार, जाळीच्या खिडक्या. आपल्याकडं एवढ्या मोठ्या वास्तूत देव तरी असतो न्हाईतर आमदार तरी.

पाच तारखेला कावेरीची लेखी परीक्षा हाय. पंचवीसला मुलाखत. तब्येत बरी हाय तिची. आपल्या धाकट्याला, रविला सांग, काळजी करू नको.

तुझा,
मन्मथ


सिरसाळा
७ जून २०२५

मन्मथ,

पत्र मिळालं. पोस्टमन ते रविच्या बियाण्याच्या दुकानात टाकून गेला, म्हणून आधी त्यानं वाचलं, मग सोयाबीनच्या बॅगा न्यायला आलेल्या गिऱ्हाईकांनी ऐकलं आणि शेवटी माझ्या हातात आलं. सगळे हसले. रवि म्हणला, "आण्णा कापडाचं दुकान बंद करून इंजिनेर व्हायला लागले."

मला हसू आलं न्हाई. दोन पानं लिहिलीस. घुमट हाय, मिनार हाय, खांब हाय, कानडी हाय. कावेरीला दीड ओळ. आणि तिच्या चित्रांचं एक अक्षर न्हाई. दोन वर्षं खपून त्या पोरीनं मुलाखतीला दाखवायची ही बारा चित्रं काढली. बीडच्या कंकालेश्वराच्या पाण्यात गुडघाभर उभी राहिली, आंबाजोगाईच्या हत्तीखान्यात दिवस दिवस बसली, धर्मापुरीच्या देवळासाठी उन्हात करपली. ती मामांच्या घरी कुणाला दाखवलीस का न्हाई? गुरुलिंगप्पा मामा काय म्हणले? तुझा स्वभाव मला म्हाईत हाय. शेजारणीची पोळी फुगली तरी तू चार घरी सांगून येतोस.

तुला पुन्हा सांगते, कारण तू विसरभोळा. जुन्या इमारती दुरुस्त करायचं शिकवणारी ही हैदराबादची शाळा, पाच वर्षांची. तिथं जागा मिळाली तर कावेरी शिकणार. न्हाई मिळाली तर सत्तावीसला लातूरची माणसं येणार आणि सुपारी फुटणार. रविनं मला शब्द दिलाय तसा मीही त्याला दिलाय, की जागा हुकली तर मी मधी तोंड घालणार न्हाई. लातूरचा पोरगा वाईट न्हाई रे. पण त्या घरात सुनेच्या हातात पेन्सिल कुणी ठेवणार न्हाई, हे मी त्यांच्या ओसरीवर बसल्या बसल्या ओळखलंय.

परीक्षा कशी झाली ते लिही. आणि घुमट जरा कमी कर.

शिवगंगा


काचीगुडा, हैदराबाद
१० जून २०२५

आक्का,

लेखी परीक्षा झकास गेली. कावेरी हसत बाहेर आली. एका इमारतीचा फोटो देऊन विचारलं होतं की पाणी कुठून मुरलं असंल. आपल्या पोरीला ते सांगता येणार न्हाई तर कुणाला? बीडची खजाना विहीर पालथी घातलीय तिनं.

काल कावेरीनं मला निजामाच्या सरदारांच्या, पायगा घराण्याच्या कबरी बघायला नेलं. मी म्हणलं, कबरीत काय बघायचं? गेलो आणि दुपारपर्यंत तिथून हललो न्हाई. चुन्याच्या गिलाव्यात कोरलेल्या जाळ्या, आणि एक जाळी दुसरीसारखी न्हाई! आपण एकाच काठाची चाळीस लुगडी मागवतो आणि गिऱ्हाईकाला म्हणतो, शेवटचा पीस हाय. तिथला राखणदार उर्दूत बोलत होता. आपल्या आबांसारखंच, निजामाच्या शाळेतलं. मला लई बरं वाटलं.

एरवी कावेरी सकाळी उठते ती काचीगुड्याच्या फलाटावर जाऊन बसते. नवीन चित्रं काढतीय. पोलिसानं एकदा हटकलं, मग त्यानंच खुर्ची दिली. दिवेलागणीला परत येते, दोन घास खाते, पुन्हा कागद. डोळे सुजलेत जरा. मामींनी तूप-भात भरवला. तू काळजी करू नको. स्टेशनच्या जिन्याचे कठडे तर असे हायत की काय सांगू, लोखंडाचे वेल, पानं, मधी गोल फूल...

मामांचा नमस्कार.

मन्मथ


सिरसाळा
१४ जून २०२५

मन्मथ,

जिन्याचे कठडे चुलीत घाल.

नवीन चित्रं कशाला काढतीय ती? बारा तयार चित्रं घेऊन गेलेली पोरगी परीक्षा झाल्यावर जरा झोपंल, खाईल, सालारजंग बघायला जाईल. ही उपाशी राहून पुन्हा कागदं रंगवती आणि तू मला लोखंडाची पानं-फुलं सांगतोस. मी बहिरी हाय बाबा, आंधळी न्हाई.

रात्रभर डोक्यात काहीबाही येतंय. पोरगी आजारी हाय का? का शाळेनं आधीच न्हाई म्हणलंय? का कुणी पोरगा हाय? असंल तर तसं सांग, त्याचंही बघू. पण माझ्यापासून लपवू नको. तिची आई रोज फोनवर बोलती, तिला वाटतं सगळं छान चाललंय. मला वाटत न्हाई.

तू रविच्या भीतीनं लिहीत न्हाईस हे कळलंय मला. पुढचं पत्र शेजारच्या शहादेव शिंप्याच्या पत्त्यावर टाक. स्पीड पोस्टानं. तो ते थेट माझ्या हातात देईल. खरं लिही.

शिवगंगा


काचीगुडा, हैदराबाद
१७ जून २०२५

आक्का,

चित्रं हरवली. मी हरवली.

आता लिहिलंय तर सगळं लिहितो. बिदरला किल्ला बघून संध्याकाळी स्टेशनवर आलो. ही गर्दी! कुठलं तरी लग्न उरकून वऱ्हाडं परतत होती. एक गाडी लागली. लोक धावले. मीही धावलो. आपल्या परळीच्या स्टँडवर आपण काय करतो गं? गाडी थांबायच्या आधी खिडकीतून रुमाल, टोपी, जे हातात असंल ते सीटवर टाकतो आणि मग निवांत दारातून चढतो. माझ्या हातात कावेरीच्या चित्रांची ती लांब पिशवी होती. एक रिकामी खिडकी दिसली. टाकली. मला वाटलं, पोरगी दिवसभर उन्हात उभी हाय, तिला खिडकीची जागा मिळावी.

मागून कावेरी ओरडली, "आप्पा, ही आपली गाडी न्हाई!" हैदराबादची गाडी दुसऱ्या फलाटावर होती. ही उलटी जाणारी, परळीकडची. मी दाराकडं धावलो. दारात माणसांचा गठ्ठा. चढता येईना. गाडी सुटली. आक्का, मी फलाटावर धावत होतो आणि खिडकीतून त्या पिशवीचा तांबडा बंद दिसत होता.

स्टेशनवाल्यांनी बिचाऱ्यांनी पुढं फोन लावले. कुणी पिशवी जमा केली न्हाई. मी एकदा पुन्हा बिदरला जाऊन आलो, ते तुला लिहिलं न्हाई. फोनमधी चित्रांचे फोटो हायत, पण शाळेला मूळ कागद पाहिजेत, बाराच्या बारा. म्हणून पोरगी नवीन काढतीय. सहा झालीत. छान हायत, पण दोन वर्षांचं काम पंधरवड्यात होतं का?

ती मला एक शब्द बोलली न्हाई. बोलली असती तर बरं झालं असतं. उलट मला घेऊन फिरती, जाळ्या दाखवती, की माझं मन रमावं. आणि मी तुला ते घुमट लिहीत बसलो, कारण दुसरं काही लिहायला घेतलं की हात थांबत होता.

रविला मी काय तोंड दाखवू? तो म्हणंल, आण्णांनीच पोरीचं नशीब खिडकीतून फेकलं. आणि खरंच हाय ते.

मन्मथ


सिरसाळा
२२ जून २०२५
(रविच्या हाती)

मन्मथ,

हे पत्र कोण घेऊन आलाय ते बघितलंस ना? आता खाली बस, पाणी पी आणि मग वाच.

तुझं पत्र वाचून आधी रडू आलं. मग विचार करता करता हसू आलं. अरे येड्या, ती गाडी परळीला येणारी. आत बसलेली माणसं कुठली? आपलीच. आणि आपल्या माणसानं रुमाल टाकलेल्या जागेवर कुणी बसलंय का कधी? भांडतील, आईबाप काढतील, पण धरलेली जागा म्हणजे धरलेली. म्हणलं, ती पिशवी कुणी चोरली न्हाई. ती जागा धरून परळीपर्यंत आली असंल.

परळीला जायचं तर कुणीतरी पाहिजे. गेले दुकानात आणि गिऱ्हाईकांच्या देखत रविला सगळं सांगितलं. तो बियाण्याची बॅग मोजत होता. म्हणला, "बरं झालं, विषय संपला." मी म्हणलं, "तुझा संपला असंल. मी एकटी जाते जीपनं, आणि स्टेशनवर कुणी काय म्हणलं ते मला ऐकू आलं न्हाई तर तसंच परत येते." निघाले. मारुतीच्या पारापर्यंत गेले तर मागून मोटारसायकल. तोंड फुगवलेलं, पण आला.

स्टेशनच्या कार्यालयात काही न्हाई. बाहेर चहावाल्याला विचारलं. तो म्हणला, "देवळाच्या चित्रांची पिशवी ना? सुंदरबाई रोज इचारून जाती, कुणी आलतं का म्हणून." ही सुंदरबाई वैजनाथाच्या पायऱ्यांवर बेल विकती. गेलो तिकडं.

ऐक आता तिची कथा. बिदरला लेकीकडं गेलती, परत येताना त्याच डब्यात चढली. खिडकीशी जागा मोकळी, वर तुझी पिशवी. इचारलं, कुणाची? समोरचा म्हणला, धरलेली हाय, मालक चढलाय, येईलच. बाई उभी राहिली. उदगीरला एक पोरगा बसायला लागला तर तिनंच त्याला उठवलं, "दिसत न्हाई का, जागा धरलेली हाय!" म्हातारी बाई बिदरपासून परळीपर्यंत दांडीला धरून उभी, आणि तुझी पिशवी राणीसारखी खिडकीत बसून वारा खात आली. परळीला डबा रिकामा झाला तरी मालक येईना, तेव्हा हिनं पिशवी उघडली. वरच्याच कागदावर वैजनाथाच्या पायऱ्या, आणि पायऱ्यांवर ही स्वतः, टोपलीसकट! मग ती कुणाला देते? चहावाल्याला निरोप ठेवला आणि पिशवी घरी नेली.

तिनं पायरीवर पदर पसरला आणि एक एक चित्र मांडलं. मन्मथ, रविनं पोरीची चित्रं आजवर बघितलीच नव्हती रे. घरात पडलेली असायची, तो ओलांडून जायचा. चित्रात सुंदरबाईची टोपली मांडीवर होती आणि टोपलीच्या नेहमीच्या जागी दगडावर एक कमळ कोरलेलं होतं. रवि म्हणला, "हे खोटं हाय. ह्या पायऱ्या मी जन्मापासून चढतोय." सुंदरबाईनं टोपली बाजूला सरकवली. खाली कमळ होतं. झिजलेलं, पण होतं. रवि उकिडवा बसून त्याच्यावर बोटं फिरवत राहिला. मी आवाज दिला तरी उठेना. बहिरी मी का तो, असं झालं.

पुढं गंमत. सुंदरबाई म्हणली, अकरा न्या, माझं मी देणार न्हाई. मी हात जोडायला लागले, तर रविच म्हणला, "राहू दे आक्का. तिचंच हाय ते. कावेरी बारावं बघून घेईल."

मी म्हणलं, कुरिअरनं पाठवू. तो म्हणला, "न्हाई, मी जातो." ऐन पेरणीत, मन्मथ! स्वतःच्या लग्नादिवशी दुपारनंतर दुकान उघडलेला माणूस हा. कुलूप लावून चावी माझ्या हातात दिली आणि शेतकरी बोंबलत असताना स्टँडवर गेला.

त्याला जास्त बोलायला लावू नको. जेवायला घाल. आणि गाडीत चढताना त्याच्या हातात काही देऊ नको, खानदानाचा भरवसा न्हाई.

शिवगंगा


काचीगुडा, हैदराबाद
२६ जून २०२५

आक्का,

हे पत्र मी मामांच्या ओट्यावर बसून लिहितोय आणि आत मामी गोड करतायत, म्हणजे तुला कळलंच असंल. तरी सगळं ओळीनं सांगतो.

रवि आला तेव्हा दार कावेरीनं उघडलं. बापाला बघून ती भिंतीला टेकली. तिला वाटलं, परत न्यायला आला. त्यानं पिशवी पुढं केली आणि म्हणला, "बघून घे, अकरा हायत का. एक त्या बाईला दिलं." पोरीनं पिशवी उघडली, पहिला कागद बघितला आणि तिथंच उंबऱ्यावर बसली. हुंदके देऊन रडली गं. इतके दिवस डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं तिनं. रवि म्हणला, "कंकालेश्वराच्या पाण्यात एवढी उतरली होतीस, तर मला सांगायचं न्हाई का? साप असतात तिथं." हे त्याचं लाडाचं बोलणं.

कालची मुलाखत. बारावं चित्र म्हणून तिनं इथं काढलेल्यांतलं एक घातलं, मला न विचारता. आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलेलो. आतून हसण्याचा आवाज आला. मग शिपाई येऊन म्हणला, चित्रातले आप्पा कोण हायत, त्यांना आत बोलावलंय. गेलो. भिंतीवर माझंच चित्र! बिदरचं स्टेशन, वरची कमान, खांब, पाटी सगळं जागच्या जागी. गाडीच्या खिडक्या-खिडक्यांतून लोक टोप्या, टॉवेल, एक लहान पोरगंसुद्धा आत सरकवतायत, आणि मधोमध मी, टाचा उंचावून पिशवी फेकताना. तोंड उघडं. मुलाखत घेणाऱ्या बाई मराठी जाणणाऱ्या निघाल्या. म्हणल्या, "माणसं ही इमारत वापरतात कशी, तेही हिला दिसतंय." मी लाजून मेलो, पण बाहेर आल्यावर रविला दोनदा सांगितलं.

आज सकाळी यादी लागली. ज्यांना शाळेत घेतलं त्यांची चित्रं दालनात मांडली होती, आईबाप हिंडून बघत होते. कावेरीचं नाव यादीत वरून तिसरं. तिनं मला मिठी मारली, मी मोठ्यानं "वैजनाथ महाराज की जय" म्हणलो, लोक बघायला लागले. रवि कुठं हाय बघतो तर तो दालनात पोरीच्या चित्रांसमोर, हात मागं बांधून. एका गृहस्थानं त्याला इंग्रजीत काहीतरी विचारलं. रविला कळलं न्हाई. तो मराठीतच म्हणला, "माझ्या लेकीची हायत."

मग त्यानं खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोर लातूरला लावला. "नमस्कार. उद्या येऊ नका. न्हाई, न्हाई, मुलात काही खोट न्हाई. पोरगी शिकणार हाय. पाच वर्षं. न्हाई, थांबू नका तुमी, दुसरीकडं बघा." पलीकडून बरंच ऐकवलं त्याला. हा नुसता "हो, हो, चूक आमचीच" म्हणत राहिला. एक शब्द उलटा बोलला न्हाई. आपला रवि, आक्का! जो पावतीवरच्या शिक्क्यावरून कंपनीशी भांडतो.

फोन ठेवला आणि बाकावर बसला. मला म्हणला, "आण्णा, मी हिला उद्या देऊन मोकळा झालो असतो. न बघताच." आणि भर दालनासमोर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत तोंडावर उपरणं घेऊन रडला. कावेरी त्याच्या शेजारी बसली, त्याचा हात धरला आणि हसायला लागली. ती हसती म्हणून तोही हसायला लागला, नाक पुसत. मी बापलेकीपुढं उभा, काय करावं कळंना, म्हणून तिघांना चहा आणायला गेलो, आणि टपरीवर उभा राहून मीही रडून घेतलं.

सुटलो गं आक्का आपण.

तुझा,
मन्मथ